गाण्यात मेलेली माझी आई

माझी आई गाण्यात मेली, त्या दिवशी ती बेळगावलगतच्या शहापुरात आमच्या ओसरीवर बसून रहाटावर सुताच्या कांड्या भरत होती. हे मला नक्की ठाऊक आहे, कारण ती रोज तेच करायची. आप्पा माग चालवत, आई धोट्यात घालायच्या कांड्या भरून देई. आमच्या बोळात घरोघर हेच चाले.

गाणं मी ऐकलं ते निपाणीच्या बाजारात. लग्न होऊन निपाणीला येऊन मला काही वर्षं झाली होती. नवरा तंबाखूच्या वखारीत कामाला होता. हंगामात गावभर तंबाखूची खकाणी उडायची. सारखी शिंकते ती नवी सून, असं सासूबाई म्हणत. माझ्या शिंका तोवर थांबल्या होत्या, म्हणजे मी जुनी झाले होते.

त्या दिवशी मिरच्या घ्यायला गेले होते. भुईमुगाच्या राशींच्या पलीकडं डफ वाजायला लागला. एक शाहीर होता, मागं तुणतुण्यावर एक आणि झील धरायला दोघं. बाया कडेला उभ्या राहून ऐकत होत्या, त्यांच्यात मीही जाऊन उभी राहिले. डोक्यात मिरच्यांचा भाव चालला होता, त्यामुळं पहिल्या दोन कडव्यांकडं लक्षच नव्हतं. मग शब्द कानावर आले:

ताडासारखा उंच गडी तो, शहापूरचा वाघ,
दर्यात त्यानं उडी टाकता दर्याला आली जाग.

शहापूर म्हटल्यावर मी मान वर केली. विणकराचा पोर, माग सोडून मुंबईला गेला, जहाजावर चढला, जहाज खडकावर आपटलं. शाहिरानं नाव घेतलं नव्हतं, पण शहापुरातला असा पोर एकच होता. तो माझा धाकटा भाऊ.

गाण्यात त्यानं बुडत्या कप्तानाला पाठीवर घेतलं आणि लाटा कापत पोहत गेला. कप्तानाला वाचवून तो स्वतः बुडाला. ऐकणाऱ्यांनी ‘अरारा’ केलं. मग शेवटचं कडवं आलं. म्हातारी आई दर्याच्या काठी उभी राहून लेकाला हाका मारते. हाका मारता मारता वाळूत कोसळते, आणि लाट येऊन तिलाही घेऊन जाते. माझ्या शेजारची बाई पदर तोंडाला लावून हुंदके देत होती. मला म्हणाली, “बया गं, आईबी गेली.”

मी मिरच्या न घेताच घरी आले.

भाऊ कसा होता ते इथंच सांगते. तो उंच नव्हता. आमच्या घराच्या उंबऱ्याला कुणी ठेचकाळत नसे, पण चौकटीला डोकं सगळ्यांचं आपटायचं. त्याचं कधी आपटलं नाही. पाण्याला तो भ्यायचा. उन्हाळ्यात बोळातली सगळी पोरं विहिरीत उड्या टाकत, आणि हा वरच्या पायरीवर बसून त्यांचे कपडे सांभाळायचा. मात्र आवाज त्याचा असा होता की ऐकणारा दचकावा. कुणाला बोलावून आणायचं असलं की आप्पा त्याला पाठवत नसत, दारात उभा करत. तिथूनच तो हाक मारी आणि तीन बोळांपलीकडचा माणूस चालत येई. शाळेतून येताना बोळाच्या तोंडापासूनच ओरडायचा, “आये, भाकरीऽऽ!” शेजारणी हसत आणि आईला म्हणत, “वाढा बाई, न्हायतर आमची भिंत पडंल.”

मागाखालच्या खड्ड्यात सोडलेले त्याचे पाय बधिर व्हायचे. बसवतच नव्हतं त्याला. शेवटी ओळखीच्या एका माणसाबरोबर तो मुंबईला गेला, खानावळीत राहिला, आणि तिथून जहाजावर खलाशांचा स्वयंपाक करायला लागला. मधे एकदा घरी आला. आईला म्हणाला, आज मी रांधतो. त्याला आता थोडं रांधताच येत नव्हतं. हात सवयीनं भल्या मोठ्या पातेल्याकडं जायचा. त्या दिवशी अख्खा बोळ आमच्याकडं जेवला, आणि आई दारात उभी राहून येईल त्याला सांगत होती, “माझ्या लेकानं केलंय, खाऊन जा.”

पुढच्या पावसाळ्यात तो गेला. त्याच्याबरोबरचा एक खलाशी मालवणकडचा होता. तो घाट चढून मुद्दाम सांगायला आला. दिवसभर आमच्याकडं बसला. वादळात जहाज खडकावर गेलं, पाऊस असा की हाताला हात दिसेना. माणसं फळकुटांना धरून पाण्यात विखुरलेली. एका बोटीत माझा भाऊ बसला होता आणि तिथून हाका मारत होता, “इकडं या रं, इकडं!” त्या आवाजाच्या रोखानं हा खलाशी आणि आणखी काही जण बोटीपर्यंत आले. बोट भरली, पण भाऊ हाका मारायचा थांबला नाही. मग एक लाट आली आणि बोट कलंडली. पुन्हा सरळ झाली तेव्हा तो बोटीत नव्हता. एवढीच हकीकत होती. खलाशी सांगताना रडला. आई रडली नाही. तिनं त्याला जेवायला वाढलं आणि जाताना वाटेसाठी भाकरी बांधून दिली.

त्यानंतर आई बोलेनाशी झाली. लागेल तेवढंच बोले. देवळात जाईना, हळदीकुंकवाला जाईना. मी माहेरी गेले की ती माझ्याकडं बघे आणि रहाट फिरवत राही. आप्पा म्हणत, “हुईल हळूहळू.” वर्ष उलटून गेलं तरी काही झालं नव्हतं. आणि आता हे गाणं.

सांगावं की सांगू नये, मला कळेना. आमच्या शेजारी जैन व्यापाऱ्याचं घर होतं. त्या घरातल्या आक्का माझ्यापेक्षा बऱ्याच मोठ्या होत्या. माहेर चिकोडीकडचं, घरात कन्नड बोलत, आमच्याशी मराठी. मी त्यांना सगळं सांगितलं. त्या गहू निवडत होत्या. निवडत निवडत म्हणाल्या, “त्यो शाहीर सगळ्या बाजारांतनं फिरतो. आज निपाणी, उद्या संकेश्वर, परवा बेळगाव. तुझ्या आईच्या कानावर जाणारच. मग बाजारात परक्या माणसाकडनं जायाला पायजे का?”

“पण तिला सोसंल का?”

“तू लेक हायस. तू सांगितलंस तर सोसंल.”

सासूबाईंना विचारून मी सर्व्हिस मोटारीनं बेळगावला गेले. वाटभर वाक्यं जुळवत होते. घरी पोचले तर आई ओसरीवरच होती. पाणी प्याले आणि जुळवलेलं सगळं विसरले. एकदम बोलून गेले, “आई, धाकट्यावर कुणीतरी गाणं केलंय.”

रहाट थांबला.

“कसलं गाणं?”

“पवाडा. बाजारात गातात.”

“काय हाय त्यात?”

मी चाचरत सांगायला लागले. उंच गडी म्हटल्यावर तिनं भुवया वर केल्या. कप्तानाला पाठीवर घेतल्याचं ऐकून तिचा हात तोंडावर गेला. मग मी म्हटलं, “आणि शेवटी तू मरतीस.”

“मी?”

“व्हय. दर्याच्या काठाला उभी राहून हाका मारतीस, आणि तिथंच.”

आई माझ्याकडं बघत राहिली. मला वाटलं आता काही होतंय. आणि ती हसली. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज फुटला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी ती हसतच होती. आतून आप्पांचा माग थांबला. ते दारात येऊन उभे राहिले. वर्षभरात हा आवाज त्यांनी ऐकला नव्हता.

“अहो, ऐकलं का,” आई म्हणाली, “मी मेले. दर्यात वाहून गेले. अजून येंगुर्लं बघिटलं न्हाय मी, आणि दर्यानं नेलं मला!”

मग हसणं संपलं आणि ती रडायला लागली. खलाशी आला होता तेव्हापासूनचं ते रडणं होतं. आप्पा तिच्याजवळ बसले. मी पाणी आणलं. बराच वेळ गेला. शेवटी तिनं तोंड पुसलं आणि म्हणाली, “त्या शाहिराला भेटायचं मला.”

आप्पा म्हणाले, “गाणं हाय ते. गाण्यात खरं कुठं असतंय? जाऊ दे की.”

“मला मारलं त्याचं काय न्हाय,” आई म्हणाली. “पण माझ्या पोराला पवाय येत न्हवतं. ह्ये असलं गात ऱ्हायले तर लोकांच्या ध्येनात कुणी दुसराच ऱ्हाईल. माझं पोर कुठं मग?”

 दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः आम्हाला मोटारीपर्यंत पोचवलं. आईच्या हातात पिशवी देताना मला म्हणाले, “सांभाळून ने. आणि भांडू देऊ नगंस.”

शाहिराचं गाव आक्कांनी आधीच काढून ठेवलं होतं. चिकोडीच्या अलीकडं, त्यांच्या भावाच्या शेतापासून जवळ. भावाची बैलगाडी निपाणीला आली होती, परत जाताना तिच्यातून आम्ही गेलो. आक्काही बरोबर आल्या. म्हणाल्या, “त्याच्या बायकोला मराठी धड येत न्हाय. मी बोलीन तिच्यासंगं.” खरं तर त्यांनाही बघायचं होतं काय होतंय ते.

शाहीर अंगणात बसून डफाचं कातडं उन्हाला धरत होता. बाजारात उंच वाटलेला माणूस घरी साधासुधा निघाला. डोक्याला फेटा नाही, अंगात बंडी. त्याची बायको बाहेर आली, “बर्री, कूडरी,” म्हणाली आणि घोंगडं टाकलं. आम्ही बसलो. शाहिराला वाटलं लग्नाकार्याचं बोलावणं असेल. त्यानं विचारलं, “कुठनं आलासा आक्का?”

“शहापुरातनं,” आई म्हणाली. “तुम्ही ज्या खलाशाचं गाणं गाता, त्याची आई मी.”

शाहिराच्या हातातला डफ खाली आला. त्यानं आईकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, पुन्हा आईकडं बघितलं.

“पण आक्का, तुम्ही तर...”

“व्हय. गेलते. परत आले.”

आक्कांनी पदरात तोंड लपवलं. शाहिराच्या बायकोनं कन्नडमध्ये काय झालं म्हणून विचारलं. आक्कांनी सांगितलं तशी ती “अय्यो!” म्हणून आत पळाली आणि गूळपाणी घेऊन बाहेर आली. पहिला तांब्या आईच्या हातात दिला आणि ती पिते की नाही ते बघत उभी राहिली.

शाहीर फार खजील झाला. त्यानं सांगितलं की संकेश्वरच्या धर्मशाळेत त्याला तो मालवणचा खलाशी भेटला होता. त्याच्याकडून हकीकत कळली, पण तुकड्यातुकड्यांत. खलाशाला ताप होता. बाकीचं शाहिरानं जुळवलं. “आई कशी हाय ह्ये मी इच्यारलं न्हाय, आक्का. मला वाटलं, असा लेक गेल्यावर आई कशाला जगती.”

“मलाबी तसंच वाटलं हुतं,” आई म्हणाली.

 मग आईनं विचारलं, “कन्नडात पण गाता का?”

“गातो. गोकाकच्या बाजूला.”

“त्यात तरी जित्ती हाय का मी?”

शाहीर मान खाली घालून म्हणाला, “न्हाय आक्का. कन्नडात जास्तच वाईट मरता.”

यावर सगळेच हसलो, शाहीरसुद्धा. त्यानंतर बोलणं सोपं झालं. आईनं त्याला भाऊ कसा होता ते सांगितलं. विहिरीच्या पायरीवरचं सांगितलं. मोठ्या पातेल्याचं सांगितलं. ती इतकं बोलत होती की मीच चकित होऊन ऐकत होते. काही गोष्टी मलाही ठाऊक नव्हत्या. लहानपणी तो पाळण्यात रडायला लागला की मागाची ठकठक ऐकू यायची नाही आणि आप्पांचा हात चुकायचा, हे मी तिथं पहिल्यांदा ऐकलं.

शाहीर म्हणाला, “आक्का, खरं सांगतो, राग नको. पायरीवर बसून कापडं राखणाऱ्या पोराचं गाणं हुईत न्हाय. लोकं उठून जातील.”

“मग आवाजाचं करा,” आई म्हणाली. “त्याच्या हाकंवर माणसं वाचली. ह्ये खरं हाय. ज्यो तुम्हाला भेटला, त्योच वाचला त्या हाकंवर. सांगितलं न्हाय त्यानं?”

“न्हाय. तापात हुता त्यो.” शाहीर पुढं सरकून बसला. “हाक कशी मारायचा?”

आईनं मारून दाखवली. अंगणात बसून, मान वर करून, पूर्ण गळ्यानं. “इकडं या रंऽऽ, इकडंऽऽ!” झाडावरची पाखरं उडाली. शेजारच्या घरातून दोघं जण बाहेर आले, काय झालं म्हणून. भावाचा आवाज कुणाकडून आला होता ते मला त्या दिवशी कळलं.

शाहिरानं डफ उचलला. बोटांनी हळू ठेका धरला आणि ती हाक झिलेत बसते का ते बघायला लागला. गुणगुणत घरात-अंगणात, घरात-अंगणात चाललं होतं त्याचं. बायकोनं चूल पेटवली. आम्ही जेवायला राहणार हे न विचारताच ठरलं. दुपारपर्यंत त्यानं एक कडवं केलं:

आभाळ फाटलं, दिसंना काही, हाताला ना हात,
हाकंवर त्याच्या माणसं आली बोटीच्या आत.

आईनं ते दोनदा म्हणायला लावलं आणि मान हलवली. पाठीवरचा कप्तान गाण्यातून गेला. शहापूरचा वाघ राहू दे का, असं शाहिरानं भीत भीत विचारलं. आई म्हणाली, “ऱ्हाऊ दे.” “आणि उंच?” आई म्हणाली, “त्याला लई हौस हुती उंच व्हायाची. ऱ्हाऊ दे.”

खरी अडचण शेवटाची होती. शाहीर म्हणाला, “आई मरत न्हाय, बरं. मग काय करती?”

 आईनं हातातला भाकरीचा तुकडा खाली ठेवला. मग म्हणाली, “उठती. कांड्या भरती.”

“ह्याचं गाणं कसं करू, आक्का?”

“ते मला काय ठावं? शाहीर तुम्ही.” थोड्या वेळानं ती पुन्हा बोलली, आता शाहिराशी नव्हे, आपल्याशीच बोलल्यासारखी. “माझा गेला. पण जे बोटीत चढले त्यांचे आईबाप हायतच की कुठंतरी. त्यांची पोरं घरला गेली. त्यानंच धाडली म्हणायची.”

शाहीर उठून उभा राहिला. घराच्या मागं गेला, आणि बराच वेळ आलाच नाही. आला तेव्हा डोळे लाल होते आणि कडवं तयार होतं:

आई म्हणते, रडू नगा गं, लेक माझा जो गेला,
जाता जाता दुसऱ्यांची लेकरं घरला धाडून गेला.

पुढच्या बाजारी आई निपाणीतच होती. नवीन गाणं ऐकल्याशिवाय ती जाणार नव्हती. आम्ही दोघी बायांच्या घोळक्यात मागं उभ्या राहिलो. शाहिरानं सुरुवात केली. हाकेचं कडवं आलं, झीलकऱ्यांनी “इकडं या रं” म्हणून उचललं, आणि तिसऱ्या वेळेला बाजारातली माणसं आपणहून त्यांच्याबरोबर ओरडायला लागली. भुईमूग विकणारे, गाडीवान, तंबाखूच्या वखारीतली पोरं, सगळे. आई माझा दंड घट्ट धरून उभी होती. माझ्या कानात म्हणाली, “कमी पडतंय. आणखी मोठ्यानं पायजे.”

गाणं संपल्यावर एक म्हातारी पुढं झाली आणि शाहिराला फैलावर घेतलं. “आईचं कुठं गेलं रं? मागल्या बाजारी आई मरत हुती. लई चांगलं हुतं ते. मी सुनंला घेऊन आल्ये मुद्दाम रडायला.”

शाहीर हसला. “आजी, मी चुकलो हुतो. आई जित्ती हाय. ती काय, तुमच्या मागं उभी हाय.”

सगळा घोळका वळला. मला तर लपावंसं वाटलं. आई मात्र होती तिथंच उभी राहिली. ती म्हातारी जवळ आली, तिनं आईच्या गालाला हात लावला, हनुवटी धरून तोंड इकडं तिकडं वळवून बघितलं, आणि म्हणाली, “बरं झालं बाई. जगलीस ते बरं झालं.” आणि सुनेला घेऊन बाजार करायला निघून गेली.

आई शहापूरला परत गेली. पुढच्या हळदीकुंकवाला गेली, असं आप्पांनी कुणाकडून तरी कळवलं.

मग दुसरं महायुद्ध सुरू झालं. आमच्या भागातली पुष्कळ पोरं लष्करात गेली होती, काही जहाजांवरही गेली. धान्य महागलं, रॉकेल मिळेना, सर्व्हिस मोटारी कोळशाच्या गॅसवर कुंथत चालायला लागल्या. शाहिराचं गाणं त्या काळात फार चाललं. आणि त्यामुळं एक गोष्ट अशी घडली जी आमच्यापैकी कुणाच्याही ध्यानीमनी नव्हती. बाया आईला शोधत यायला लागल्या.

पहिली आली ती उचगावची. शहापुरात तिनं विचारलं, “त्या गाण्यातल्या आईचं घर कुठलं?” आणि पोरांनी तिला बरोबर आणून सोडलं. तिच्या लेकाची बरेच दिवस खबर नव्हती. ती आईसमोर बसली आणि म्हणाली, “तुम्ही कशा जगलासा तेवढं सांगा मला.”

मी तेव्हा बाळंतपणाला माहेरी होते, म्हणून हे डोळ्यांनी बघितलं. मला वाटलं आई धीराचं काही बोलेल. ती म्हणाली, “सांगाय काय येत न्हाय मला. ह्ये धर.” आणि रहाटाचा दांडा तिच्या हातात दिला. ती बाई शेतकरीण, तिला रहाट ठाऊक नाही. सूत तुटायला लागलं. आईनं गाठ कशी मारायची दाखवलं. पुन्हा तुटलं, पुन्हा दाखवलं. दोन-तीन कांड्या धड भरून झाल्या तेव्हा ती बाई आपणहून लेकाबद्दल बोलायला लागली होती. त्याला काय आवडतं, तो कुणासारखा दिसतो. आई ऐकत होती. मधे मधे विचारत होती. जाताना बाई म्हणाली, “परत येऊ का?” आई म्हणाली, “ये की. काम हाय ढीगभर.”

अशा कितीतरी आल्या. काही एकदाच आल्या, काही पुन्हा पुन्हा. सगळ्यांचे लेक परतले नाहीत. ज्यांचे नाही परतले त्यांच्या घरी आई जाऊन यायची. बोळाबाहेर पाऊल न टाकणारी बाई आता खानापूरकडं, कडोलीकडं, जिथून निरोप येईल तिथं जायची. आप्पा कुरकुरत, “तुझ्या शिष्यिणींनी सगळं सूत गुंतवून ठेवलं.” पण कुणी आलं की ते स्वतःच रहाट पुढं सरकवून देत.

कोगनोळीच्या एका बाईबद्दल सांगितल्याशिवाय मला हे थांबवता येणार नाही. तिला एकच मुलगा, तो लष्करात. पकडला गेला, एवढंच कळलं होतं. जिवंत आहे का नाही, कुणी सांगेना. ती इतक्या लांबून आईकडं यायची, रात्र काढायची आणि दुसऱ्या दिवशी परतायची. वाटेत निपाणीला माझ्याकडं थांबायची. कांड्या भरण्यात ती इतकी तरबेज झाली की आई म्हणायची, “ही माझ्यापुढं गेली.”

लढाई संपली. बाकीचे येत राहिले, तिचा काही येईना. आणि मग एका सकाळी ती माझ्या दारात उभी राहिली, आणि तिच्या मागं एक हडकुळा, काळा पडलेला, डोळे खोल गेलेला मुलगा होता.  ती नुसती त्याला पुढं ढकलत होती, बघ, बघ म्हणून. मी माझ्या मुलाला शेजारी आक्कांकडं ठेवलं आणि त्या दोघांबरोबर मोटारीत बसले. आईच्या समोर तो जाईल तेव्हा मला तिथं असायचं होतं. मनातून धास्ती होती. दुसरीचा आलेला बघून तिला काय वाटेल?

आई दारात आली. त्या मुलाकडं बघितलं. तो पाया पडायला वाकला तर तिनं त्याला मधेच धरलं आणि दंड दाबून बघितला, बाजारात बैल बघावा तसा. मग वळून त्याच्या आईवर ओरडली, “अगं, ह्याला काय खायाला घालतीस का न्हाय? नुसता हिंडवतीस!”

ती आत गेली. चुलीपाशी जाऊन क्षणभर पाठमोरी उभी राहिली, भिंतीला हात टेकून. मी मागं गेले होते. तिनं पदरानं डोळे कोरडे केले, पीठ घेतलं आणि भाकरी थापायला बसली.

पोरगा जेवला. फार जेवला. जेवता जेवता त्याच्या डोळ्यांवर झापड आली आणि तो तिथंच मागाच्या शेजारी आडवा झाला. आप्पांनी त्याच्या अंगावर एक नवं, मागावरून नुकतंच उतरवलेलं लुगडं टाकलं. विकायचं लुगडं होतं ते. 

ओसरीवर आई आणि ती कोगनोळीची बाई शेंगा सोलत बसल्या होत्या. मला वाटलं त्या तुरुंगातल्या हालअपेष्टांचं बोलत असतील, किंवा देवाचं. पाणी द्यायला गेले तर आई म्हणत होती, “जरा अंगानं भरू दे त्याला. चार महिनं थांब. उचगावात एक पोरगी हाय माझ्या नजरंत, कामाला वाघीण. पण रंगानं सावळी हाय हां, आधीच सांगते.”

“सावळी असंना का,” ती बाई म्हणाली. “आक्का, तिला तुमचं गाणं गाता येतंय का?”

“गाता न्हाय येत,” आई म्हणाली, “पण बोलती लई.”